मखर स्पर्धेचे नियम: किती आवळायचे, कुठे सैल सोडायचे?

तीनहातनाका (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.१०

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत यंदा घरगुती मखरांची स्पर्धा आहे. चार इमारती, तीस-चाळीस घरं भाग घेतील असा अंदाज. गेल्या खेपेला नियम एकच होता, 'मखर पर्यावरणपूरक असावं'. निम्म्याहून जास्त मखरं बाजारातून आणलेली निघाली, आणि घरी केलेली जी होती त्यातली बरीचशी एकमेकांची जुळी भावंडं. दोन खांब, एक कमान, वर कळस, सोनेरी रंग.

यंदा नियम कडक करावेत असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, गणपतीत कसले नियम लावता, लोक येणारच नाहीत. प्रश्न साधा आहे: कोणती मर्यादा घातली की डोकं चालतं आणि कोणती घातली की माणूस नाद सोडतो? जाणकारांनी मापांसकट सांगावं. 'गरज ही शोधाची जननी' वगैरे फळ्यावर लिहून झालं आहे, त्यामुळे सुविचार नकोत.

---

पुठ्ठेवाला | सोमवार, रात्री १०.०२

आधी साहित्याचं बोलू, बाकी सगळं त्यावर बसतं.

थर्माकोल नको हे नियमात लिहायचीही गरज नाही. राज्यात मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल बंदच आहे. पण थर्माकोल गेला तरी त्याची सवय गेली नाही, खरी गोची तिथे आहे. थर्माकोल म्हणजे ठोकळा. तापलेल्या तारेने कापा, कोरा, खांबाला गोलाई द्या, कमानीला जाडी द्या, तो कुरकुरत नाही. पुठ्ठा म्हणजे पत्रा. तो कोरता येत नाही. तरी लोक पुठ्ठ्याची नळकांडी करून खांब उभे करतात, त्यावर जड कळस चिकटवतात आणि तिसऱ्या दिवशी तो कळस बाप्पाला वाकून नमस्कार करायला लागतो. तुमची 'जुळी भावंडं' ती हीच. जुन्या वस्तूची नव्या साहित्यात नक्कल.

पुठ्ठ्याला तीन गोष्टी येतात: घडी, खाच आणि थर.

घडी. पुठ्ठ्याच्या पोटात ज्या बारीक नळ्या असतात त्यांना समांतर रेघेवर तो सहज वाकतो, नळ्यांना आडवा वाकवला की चुरगळतो. कमानीची पट्टी कापताना नळ्या पट्टीच्या रुंदीच्या दिशेने येतील असं बघा, लांबीच्या नाही. आतल्या बाजूने दर १ सेंमीवर संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबायची, कटर लावायचा नाही. २५ सेंमी त्रिज्येच्या अर्धगोलाला पट्टी लागते ३.१४ × २५, म्हणजे ७८.५ सेंमी. दोन्ही टोकांना चिकटवायला ३-३ सेंमी धरून ८४.५ ची कापा. खूप बारीक गोलाई हवी असेल तर तीन प्लायच्या (दोन सपाट कागदांमध्ये नळ्यांचा एक थर) पुठ्ठ्याचा एका बाजूचा कागद ओला करून सोलून काढायचा. उरलेला पुठ्ठा चटईसारखा गुंडाळता येतो.

खाच. दोन पुठ्ठे फुलीसारखे एकमेकांत अडकवायचे. एकाला वरून, दुसऱ्याला खालून, दोन्हीकडे बरोबर अर्ध्या उंचीपर्यंत. पाच प्लायचा पुठ्ठा साधारण ६ ते ७ मिमी भरतो, तीन प्लायचा ३ च्या आसपास, पण जुन्या खोक्याचा दबून पातळ झालेला असतो, म्हणून प्रत्येक वेळी मोजा. खाचेची रुंदी या जाडीपेक्षा अर्धा मिमी कमी ठेवा. सैल झाली तर मखर डुलतं, फार घट्ट झाली तर खाचेच्या तोंडाशी कागद फाटून नळ्या फुलतात. आणि रंग खाच कापायच्या आधी द्या. कापल्यावर रंग दिला की कडा फुगतात आणि आदल्या रात्री बसणारं सकाळी बसत नाही.

थर. खोली कोरून येत नसेल तर रचून आणायची. तीन प्लायच्या पाच चौकटी कापा, प्रत्येक पुढच्या चौकटीचं तोंड मागचीपेक्षा दोन्ही बाजूंनी १ सेंमी मोठं. एकामागे एक लावल्या की जुन्या देवळाच्या गाभाऱ्याच्या दाराला असतात तशा शाखा तयार होतात. त्रिशाखा, पंचशाखा म्हणतात तोच प्रकार. जाडी जेमतेम दीड सेंमी, पण चौकटींमध्ये पुठ्ठ्याचे तुकडे घालून २-२ सेंमीचं अंतर सोडलंत तर सावली धरून हातभर खोल वाटतं.

म्हणून माझी सूचना: पुठ्ठा, कागद, कापड, बांबू एवढंच साहित्य, आणि 'खांब-कमान-कळस नको' असं सरळ लिहा. दुसरा नियम पहिल्यापेक्षा जास्त काम करेल.

---

चहाबिस्किट | सोमवार, रात्री १०.१५

वाचनखूण साठवली. पुठ्ठा कुठे मिळेल तेही सांगा की.

---

पुठ्ठेवाला | सोमवार, रात्री १०.२१

सफरचंदाची खोकी. गणपतीच्या आधी सफरचंदाचा हंगाम सुरू झालेला असतो, त्यामुळे वाशीच्या फळबाजारात आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे रिकामी खोकी पडलेली असतात. भक्कम असतात, पण हवेसाठी भोकं असतात, ती धरून आराखडा करावा लागतो. मोठा सलग तुकडा हवा तर फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचं खोकं. त्यात नळ्या उंचीच्या दिशेने उभ्या असतात, म्हणजे उभं ठेवलं की भार चांगला घेतं. सफरचंदाच्या खोक्याचं झाकण खांबाला वापराल तर नळ्या आडव्या येतील आणि खांब बसेल. तुकडा उचलताना कडेवरून नळ्यांची दिशा बघायची आणि पेन्सिलने बाण काढून ठेवायचा. नंतर रंगाखाली ती कळत नाही.

---

गडबडगुंडा | मंगळवार, सकाळी ८.४०

साहित्याचा नियम ठीक. पण सगळ्यात सोपं म्हणजे खर्चाला मर्यादा घाला. ५०० रुपयांच्या वर नाही. विकतची मखरं आपोआप बाद.

---

विंगेतून | मंगळवार, सकाळी ११.१८

खर्चाचा नियम कागदावर छान दिसतो, तपासता येत नाही. ज्याच्या घरी आधीच रंग, कटर, कापडाचे तुकडे आहेत त्याचे ५०० आणि ज्याला फेविकॉलपासून सगळं आणायचंय त्याचे ५००, दोन्ही सारखे कसे? पावत्या बघत बसायला परीक्षकांना वेळ नसतो. ज्या मर्यादेला टेप लावता येते तीच ठेवा.

माझं मत आकाराकडे. मखर सुटं होऊन ७० × ५० × १० सेंमीच्या खोक्यात मावलं पाहिजे. ही मापं हवेतली नाहीत. आठ माणसांच्या लिफ्टचं दार साधारण ८० सेंमी असतं, माळा बहुधा दोन फूट खोल, आणि एवढं खोकं रिक्षात मांडीवर आडवं बसतं. तपासायला एकच नमुन्याचं खोकं करायचं. मावलं तर पास, नाही तर नाही, वादच नाही.

आता यातली गंमत. अडीच फूट उंच मखर म्हणजे साधारण ७६ सेंमी. खोकं ७० चं. म्हणजे कुठेतरी सांधा घ्यावाच लागणार. विकतचं सलग मखर तिथेच बाद होतं, आणि घरी करणाऱ्याला पहिला विचार सांध्याचा करावा लागतो, कळसाचा नाही.

दुसरी मर्यादा वेळेची: दोन माणसं, १० मिनिटं, जागेवर गोंद न वापरता उभं करायचं. एकांकिका करणाऱ्यांना हे नवीन नाही. गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, स्पर्धेत एकामागोमाग प्रयोग लागलेले असतात आणि नेपथ्य लावायला मिनिटं मोजून मिळतात. त्यातूनच तीन उंच्यांचा ठोकळा येतो: १२ × १८ × २४ इंच. १२ इंच उंचीवर ठेवला की पायरी, १८ वर खुर्ची, २४ वर टेबल. चार ठोकळ्यांत घर, कचेरी, रेल्वे फलाट सगळं होतं. कोणी प्रतिभेचा झटका येऊन हे शोधलेलं नाही. टेम्पोत चारच ठोकळे मावतात, म्हणून प्रत्येकाला तीन कामं लावावी लागली.

सांध्याची युक्तीही तिथलीच घ्या. रंगमंचावर दोन फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) जोडताना बिजागरीची पक्की पिन काढून तिच्या जागी वाकवलेली तार घालतात. तार ओढली की फ्लॅट सुटे. पुठ्ठ्यासाठी असं करा:

मांजरपाटाच्या ३ सेंमी रुंद, ८ सेंमी लांब पट्ट्या. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडून पुढे पेन्सिल जाईल एवढी वेटोळी ठेवायची, उरलेली दोन टोकं पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला चिकटवायची. एका पुठ्ठ्याला तीन, दुसऱ्याला दोन, एकाआड एक बसतील अशा. गोंद रात्रभर वाळू द्या. मग त्यातून कबाबची बांबूची काडी, साधारण ३ मिमीची, सरळ खाली घालायची. काडी अडकत असेल तर मेणबत्ती घासा. वेटोळं काडीपेक्षा फार मोठं ठेवलंत तर सांधा लुळा पडतो आणि मखर पुढे झुकतं. पेन्सिल घालून चिकटवायचं आणि काडी घालून वापरायचं, एवढा सैलपणा पुरे.

---

निव्वळशंका | मंगळवार, दुपारी १.५०

सगळं वाचलं. मापं उत्तम. पण या मर्यादांच्या कौतुकाला थोडी चाळणी लावा. पैसे नाहीत, जागा नाही, वेळ नाही, आणि वर 'बघा कशी कल्पकता फुलली'! दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं फळीवर फळी ठोकून राहतात तो नाइलाज असतो. जुगाडाच्या नावाखाली आपण अनेक ठिकाणी नीट काम करायचं टाळतो, हेही बोला. आणि आता कोणीतरी अपोलो १३ आणणार, त्याआधीच हात जोडतो.

---

विंगेतून | मंगळवार, दुपारी २.३५

@निव्वळशंका, आणतोच. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या आणि वाटेत बिघडलेल्या त्या यानात मुख्य कक्षातली हवा शुद्ध करणारी डबडी चौकोनी होती आणि ज्या छोट्या यानात तिघांना आसरा घ्यावा लागला तिथली भोकं गोल. जमिनीवरच्या लोकांनी पिशव्या, नळी, चिकटपट्टी आणि वह्यांच्या कव्हरांचे पुठ्ठे यांतून जोड तयार केला. (पुठ्ठा तिथेही होता, @पुठ्ठेवाला नोंद घ्या.) हे जमलं कारण यानात काय काय आहे याची यादी नेमकी माहीत होती. यादीबाहेरची वस्तू कोणी मागितली नाही आणि यादीतली वस्तू ऐन वेळी गायब झाली नाही.

तुम्ही सांगता ती चणचण. ती आज एक असते, उद्या दुसरी. मर्यादा आधी सांगितलेली असते, मोजलेली असते आणि सगळ्यांना सारखी असते. तिच्यातही उशिरा आलेली कामाची नाही. जुलै २०२० मध्ये सार्वजनिक मूर्तींना ४ फूट आणि घरगुती मूर्तींना २ फुटांची मर्यादा आली आणि चतुर्थी होती २२ ऑगस्टला. तिथे कसली कल्पकता, मूर्तिकारांची धावपळ तेवढी. म्हणून धागाकर्त्यांना विनंती: नियम आठ आठवडे आधी लावा आणि एकदा लावल्यावर 'या काकूंना थोडी सूट' असं करू नका.

---

निव्वळशंका | मंगळवार, दुपारी ३.०४

हा फरक मान्य. जुगाडाबद्दलचं म्हणणं मात्र मागे घेत नाही.

---

सोल्डरचा धूर | मंगळवार, रात्री ९.२७

दिव्यांना मर्यादा नाही घातली तर वरचं सगळं वाया. मखर कसंही असो, समोर लुकलुकणारी माळ टाकली की दिसतं ते माळच. माझी सूचना १० वॅट. एका मखराला, सगळे दिवे धरून.

१० वॅटमध्ये काय येतं? १२ व्होल्टची साधी एलईडी पट्टी, ३५२८ चिपची, मीटरला ६० दिवे, मीटरला ४.८ वॅट खाते. म्हणजे २ मीटर, ९.६ वॅट. दर तीन दिव्यांवर, म्हणजे ५ सेंमीवर, कात्रीची खूण असते, तिथेच कापायची. खुणेच्या मध्ये कापली तर ते तीन दिवे कायमचे गेले. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. दुकानदार ५०५० ची पट्टी हातात ठेवेल. ती मीटरला १४.४ वॅट, म्हणजे पाऊण मीटरही पदरात पडत नाही.

आता २ मीटर पट्टी समोर लावलीत तर डोळे दिपतील आणि मूर्ती काळी दिसेल. तीच पट्टी पुठ्ठेवाल्यांच्या पाच चौकटींपैकी तिसरीच्या पाठीला, भिंतीकडे तोंड करून लावा. मागचा पडदा ४ ते ५ सेंमी लांब हवा. त्याहून जवळ आला की उजेडाऐवजी ठिपके दिसतात. मूर्तीमागे प्रभावळ उमटते आणि पुढच्या चौकटी अंधारात राहतात. वॅट कमी असले की अंधार कुठे ठेवायचा ते ठरवावं लागतं, आणि सजावट तिथेच सुरू होते. पट्टी थेट पुठ्ठ्यावर न चिकटवता मध्ये ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी द्या. उष्णता पसरते, गोंदही लवकर सुटत नाही. फक्त कापलेल्या टोकाचे तांब्याचे ठिपके फॉइलला टेकू देऊ नका, शॉर्ट होईल.

कॉलेजची मुलं रंग बदलणारे डब्ल्यूएस२८१२बी दिवे आणतील. त्यांच्यासाठी: प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलीअँपिअर. १० वॅट म्हणजे ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे ३३ दिवे. 'मग ३०० लावतो आणि एका वेळी ३३ पेटवतो' असं कोणीतरी म्हणेलच. विझलेला दिवाही साधारण १ मिलीअँपिअर पितो. ३०० चे ०.३ अँपिअर, दीड वॅट बसल्या जागी गेला. हातात उरले साडेआठ वॅट, म्हणजे पूर्ण पांढरे २८.

शिवाय हे दिवे चालवणाऱ्या आर्डुइनो ऊनो आर३ या छोट्या संगणक-बोर्डाची मेमरी. चालत्या कामाला २,०४८ बाइट. ३०० दिव्यांना प्रत्येकी ३ बाइट, ९०० झाले. एका चित्रातून दुसऱ्यात हळूच जायचं म्हणून दोन चित्रं साठवली की १,८००. उरलेल्या २४८ मध्ये बाकीचा प्रोग्राम मावत नाही आणि दिवे कुठलीही चूक न दाखवता वेड्यासारखे नाचायला लागतात. मुलं वायर बदलत बसतात, दोष वायरचा नसतो. उपाय: चित्र साठवूच नका, दिव्याच्या क्रमांकावरून रंग सूत्राने काढा. नाहीतर १६ रंगांचा तक्ता ठेवून प्रत्येक दिव्याला अर्धा बाइट द्या. ३०० दिव्यांचं अख्खं चित्र १५० बाइटमध्ये बसतं आणि दिसायलाही ते १६ रंग एका घरातले दिसतात, जत्रेतले नाही.

जोडणीत चुकतं ते बहुधा इथे: आर्डुइनोचा आणि दिव्यांच्या अडॅप्टरचा ऋण टोक एकत्र जोडायचा राहतो, मग दिवे मनाला येईल तसे लुकलुकतात. डेटाच्या वायरीत सुरुवातीलाच ३३० ओहमचा रोध आणि पुरवठ्यावर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्ही विसरू नका.

तपासणीला प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर एक पुरे. भिंतीच्या प्लगवर मोजणार असाल तर अडॅप्टरची गळती धरून १२ पर्यंत चालवा.

---

चहाबिस्किट | मंगळवार, रात्री ९.५५

दंडवत घ्या. अर्धं कळलं, पण अंधार ठेवायचं पटलं.

---

ठिपका | बुधवार, सकाळी १०.१२

मखरापुढची रांगोळी विसरलात सगळे. तीही घ्या स्पर्धेत, आणि ठिपक्यांचीच घ्या. आपल्याकडे मर्यादेतून नक्षी काढायचा हा सगळ्यात जुना घरगुती धडा आहे.

१५ ते ८ ठेवा. मधली ओळ १५ ठिपक्यांची, वर-खाली एकेक कमी होत ८ पर्यंत, प्रत्येक ठिपका आधीच्या दोघांच्या मध्ये. एकूण ठिपके १५ + २ × (१४+१३+१२+११+१०+९+८), म्हणजे १६९. अट: रेघ ठिपक्यांवरूनच जाईल आणि १६९ पैकी एकही ठिपका मोकळा राहणार नाही. एवढं म्हटलं की कमळ-मोर-स्वस्तिकाचं छापील पुस्तक बाजूला पडतं.

नवीन माणसाचं चुकतं ते ओळींच्या अंतरात. ठिपक्या-ठिपक्यात २ सेंमी ठेवले म्हणून ओळी-ओळीतही २ ठेवतात. मग षट्कोन उभा ताणला जातो आणि सहा पाकळ्यांतल्या दोन जाड, चार बारीक दिसतात. ओळींमधलं अंतर १.७ सेंमी हवं. मधली ओळ २८ सेंमी रुंद होते आणि उंची साधारण २४. पाटापुढे आरामात मावते. मोजपट्टी नको असेल तर २ सेंमीचा सुतळीचा तुकडा घ्या: कुठल्याही ठिपक्यापासून शेजारच्या सहाही ठिपक्यांना तो पुरला पाहिजे, उरताही कामा नये.

आणि ज्यांना आठ पाकळ्यांचं फूल हवं त्यांनी ही जाळी घेऊन डोकं आपटू नये. आठ पाकळ्या चौकोनी मांडणीतून येतात, १५ × १५, २२५ ठिपके. इथे सहा, बारा, तीन, एवढंच नीट जमतं.

---

सेक्टरआठ | बुधवार, दुपारी १२.३०

नवी मुंबईचं एक उदाहरण, थोडं अवांतर वाटेल पण नियम कसे आखावेत याला धरून आहे. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ च्या सुमारास सिडकोसाठी केलेली वसाहत. प्लॉट ४५ ते ७५ चौ. मी. सात घरं ८ × ८ मीटरच्या चौकाभोवती, असे तीन गट मिळून २१ घरं एका १२ × १२ मीटरच्या मोठ्या चौकाभोवती. जागा एवढी कमी असताना कोणीही शेजाऱ्याला भिंत लावून भिंत बांधली असती, विटाही वाचल्या असत्या. तिथे अट उलटी घातली: कोणाची भिंत कोणाशी सामाईक नाही. कारण सामाईक भिंत असली की खोली वाढवताना शेजाऱ्याची परवानगी लागते. स्वतंत्र भिंत असली की हातात पैसे येतील तसं घर वाढवता येतं.

एका ठिकाणी आवळलं ते दुसरीकडे मोकळं सोडण्यासाठी. तुमच्या स्पर्धेत खोक्याचं माप आवळताय ना, मग दर्शनी भागाचा आकार पूर्ण मोकळा सोडा. @पुठ्ठेवाला यांचा 'कळस नको' हा नियम मला म्हणूनच खटकतो. सांधा आणि खोकं त्याची काळजी आपोआप घेतील.

तिथलं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. बरीच मूळ घरं पाडून प्लॉटभर मजले चढले. चौक मात्र पुष्कळ ठिकाणी टिकले, कारण तो एकट्याचा नसतो, सात घरांचे डोळे त्यावर असतात. तपासणी कुणाच्या तरी रोजच्या नजरेत असेल तरच नियम राहतो.

---

पुठ्ठेवाला | बुधवार, दुपारी १.१५

@सेक्टरआठ, हरलो. 'कळस नको' मागे. एखाद्याने घडीचा कळस करून दाखवला तर बघायलाच आवडेल.

राहिलेलं सांगतो, भाद्रपदातल्या दमट हवेचं. पहिल्या दिवशी ताठ असलेला पुठ्ठा पाचव्या दिवशी मऊ पडतो. पाणी शिरतं ते सपाट बाजूने नाही, कापलेल्या कडेतून, जिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात. सगळ्या कडांना ओली करून लावायची खाकी कागदी गमटेप लावा. तळाला १ सेंमी जाड लाकडी पट्टी किंवा फरशीचा तुकडा, म्हणजे अभिषेकाचं आणि दूर्वांचं पाणी पुठ्ठ्याला लागत नाही.

रंगीत कागद एकाच बाजूला चिकटवला की पुठ्ठा वाकतो. ओला कागद ताणलेला असतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूला तेवढाच साधा कागद, त्याच गोंदाने, त्याच वेळी. मग वर्तमानपत्रात घालून वजनाखाली रात्रभर. पाण्याचा रंगही दोन्ही बाजूंना पातळ हात. खळ करणार असाल तर १ वाटी मैद्याला ५ वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता शिजवून, पारदर्शक दिसायला लागली की उतरवा. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. इथे घालू नका, ते विषारी असतं आणि समोर नैवेद्य असतो.

मूर्तीचा भार पुठ्ठ्यावर द्यायचाच नाही. शाडूची मूर्ती जड असते, ती पाटावर किंवा चौरंगावर. मखर तिच्या मागे-बाजूला स्वतंत्र उभं. आणि निरांजन-समई कमानीच्या आत नको, पुठ्ठ्यापासून निदान फूटभर पुढे. हा नियम गुणांचा नाही, बाद करण्याचा ठेवा.

---

तीनहातनाका (धागाकर्ता) | बुधवार, रात्री १०.४०

सगळ्यांचे आभार. समितीपुढे ठेवायचा मसुदा:

सुटं मखर ७० × ५० × १० सेंमीच्या नमुना खोक्यात मावावं. झाकण दाबून नव्हे, सहज लागलं पाहिजे. पुठ्ठा, कागद, कापड, बांबू, सुतळी. गोंद चालेल, पण घरी, आधी. परीक्षकांसमोर दोघांनी १० मिनिटांत गोंदाशिवाय उभं करायचं. दिवे १० वॅट, प्लगवर १२. ज्योत पुठ्ठ्यापासून एक फूट, नाहीतर थेट बाद. दर्शनी आकाराला काहीही बंधन नाही. रांगोळी वेगळा गट, १५ ते ८. खर्चाचा नियम नाही. नियम आठ आठवडे आधी फलकावर, नंतर बदल नाही.

एक अडचण दिसते. ३०-४० घरं, प्रत्येकी १० मिनिटं म्हणजे पाच ते सात तास परीक्षण.

---

विंगेतून | बुधवार, रात्री ११.०५

प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी क्लबहाउसमध्ये एका वेळी आठ जोड्या, एकच शिट्टी. पाच फेऱ्यांत ४० मखरं. फेरीला उभारणीची १०, बघायची ५ आणि सोडवून खोक्यात घालायची ५ मिनिटं धरा, पावणेदोन तासांत आटपतं. सोडवणंही समोर होऊ द्या, ज्याने चोरून गोंद लावलाय तो तिथे सापडतो. मग तेच मखर घरी नेऊन बसवायचं.

---

गडबडगुंडा | गुरुवार, सकाळी ८.१२

५०० रुपयांचा हट्ट सोडला. नमुना खोकं मी करतो, तीन प्लायचं चालेल ना?

---

पुठ्ठेवाला | गुरुवार, सकाळी ८.३०

नको. तीन प्लायचं खोकं दहाव्या मखरापर्यंत पोट काढतं आणि १० सेंमीचे १२ होतात. पहिल्याला कडक आणि शेवटच्याला सैल. पाच प्लायचं करा, आतली मापं ७० × ५० × १० धरा, बाहेरची नाही, आणि चारही उभ्या कोपऱ्यांत बाहेरून पट्टी मारा, आतून मारली तर माप खाते. शक्य असेल तर दोन करा. एक आठ आठवडे आधीपासून गेटवर वॉचमनच्या केबिनपाशी ठेवा, ज्याला त्याला आपलं मखर घालून बघता येईल.